वरातीची घोडी आणि महादजींची दख्खनी

मागच्या दत्तजयंतीला दादाचा पिंपळगाव रेणुकाईहून फोन आला. "सारंगखेड्याला चाललोय. पोरीसाठी घोडा बघायचाय. तू इंटरनेटवर बघून सांग, कसा घ्यावा." पुतणी नऊ वर्षांची. तिने आजवर घोडा पाहिला तो रीलमध्ये आणि लग्नाच्या वरातीत. दादाने पसंत केलेल्या घोड्याचा व्हिडिओ मागोमाग आलाच. तीन वर्षांचा मारवाडी, उंची बासष्ट इंच, काळाभोर, मागच्या दोन पायांवर उभा राहून नाचणारा.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार महाराष्ट्रात नावाजलेला. तिथे घोडा बघायची एक जुनी भाषा आहे. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याण. गळ्यावर देवमणीचा भोवरा असला की शुभ. अशुभ जागी भोवरा निघाला तर भाव पडलाच. हे सगळं दादाने विचारलं होतं. घोडा ट्रॅक्टरला बुजतो का, पाठीवर लहान मूल कधी बसलंय का, लगाम ओढला की थांबतो का, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. घोड्यातलं मला काही कळत नाही. पण आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी चालू सर्व्हरचा पासवर्ड देत नाहीत, एवढं कळतं. म्हणून वाचायला बसलो, आणि वाचता वाचता आपल्याच इतिहासात शिरलो.

घोडा म्हटलं की आपल्याला आठवतात ती उधळणारी, खिंकाळणारी जनावरं. चौकाचौकातले पुतळे तसेच. पण सैन्य काही पुतळ्यांवर चालत नाही. शिवरायांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. घोडा मेला की त्याची रोजीरोटीच गेली. बारगिराला घोडा मिळायचा सरकारी पागेतून. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोड्याचं पाणी आणि घोड्याचे नाल हा प्रत्येक स्वाराने आपापला सोडवायचा प्रश्न नव्हता.

त्या काळातला आणखी एक शब्द आज फक्त आडनावात उरला आहे, चाबुकस्वार. चाबुकस्वार म्हणजे कोरा घोडा फिरवून तयार करणारा माणूस. हा स्वतंत्र धंदाच होता. घोड्याला शिकवणारा वेगळा आणि घोड्यावर बसायला शिकणारा वेगळा. या दोन कामांची सरमिसळ होऊ नये, एवढं शहाणपण त्या एका शब्दात आहे.

ग्रीसमध्येही हेच. झेनोफन हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला अनुभवी लढवय्या. घोडेस्वारीवरच्या त्याच्या छोट्या पुस्तकात तो तरुणांना सांगतो की शिंगरू स्वतः शिकवत बसू नका. मुलाला एखादी कला शिकायला जसं गुरूकडे ठेवतो, तसं शिंगराला जाणकाराकडे ठेवा, आणि ते काय काय शिकून परत येणार हे आधी लिहून घ्या. शिंगराला गर्दीतून, गोंगाटातून फिरवायलाही तो सांगतो. घाबरलं तर मारायचं नाही, त्यात भिण्यासारखं काही नाही हे शांतपणे दाखवायचं.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "अरे, पण म्हातारं, मठ्ठ घोडं घेऊन करायचं काय? लोक हसतील." मग मी त्याला महादजी शिंद्यांची गोष्ट सांगितली.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. लढाई हरल्यावर महादजी निसटले. मांडीखाली उमदी, चपळ दख्खनी घोडी. मागे एक अफगाण स्वार लागला. त्याचा घोडा बोजड, बेढब. घोडी पुढे निघून जायची, थोडं थांबावं म्हटलं की तो बोजड घोडा मागून येताना दिसायचा. शेवटी दमलेली घोडी एका खड्ड्यात कोसळली. अफगाणाने गाठून पायावर वार केला. महादजी जन्मभर लंगडे राहिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवलं, आणि महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं. जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात ही हकिकत दिली आहे. तो बेढब घोडा पुढेही महादजींच्या स्वप्नात येत राहिला, असं तो लिहितो. हिंदुस्थानातला आपल्या काळातला सर्वांत ताकदवान सेनापती, आणि त्याची झोप उडवणारा घोडा कुठल्याही बाजारात कुणी वळून पाहिला नसता.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग कसा बघू?"

मी वाचलेलं सांगितलं. घोड्याचे पक्के दात साधारण पाचव्या वर्षी पूर्ण येतात. तोवर तो स्वतःच पोर. शिकणाऱ्या पोराला दहा-पंधरा वर्षांचा, पुष्कळ माणसं पाठीवर वाहिलेला घोडा बरा. नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षंही जगतो, म्हणजे पंधराव्या वर्षी तो म्हातारा नसतो. उंची अशी हवी की मुलीला उभ्याने त्याच्या पाठीला खरारा करता यावा. घोडी असेल तर उत्तम, नर असेल तर खच्ची केलेला. आधी मालकाने बसून दाखवावं, मग जाणत्याने, मग पोरीने. आणि हे एकदा नाही, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी.

दादा सारंगखेड्याहून रिकाम्या हाताने आला. पंधरा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. शेजारच्या गावात एकाची वरातीची घोडी आहे, चौदा वर्षांची. आता एवढी लग्नं झेपत नाहीत म्हणून तो विकतोय.

मला हसू आलं, कारण उत्तर आमच्या दारावरून दरवर्षी वाजतगाजत जात होतं. नवरदेव म्हणजे बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला माणूस. लगाम कुठे धरायचा हे त्याला माहीत नसतं. पुढे बँड, बाजूला फटाके, मागे जनरेटर. या घोडीने असे शेकडो नवखे सांभाळून मांडवापर्यंत सुखरूप पोचवले होते. झेनोफनने सांगितलेला अभ्यास तिचा कधीच पुरा झाला होता.

घोडी आता पिंपळगावात आहे. तिला ना देवमणी, ना पंचकल्याण. पाठ जरा खोल गेली आहे. पहिला महिना पुतणीला बसू दिलं नाही. पाणी पाजणं, खरारा करणं, खूर साफ करणं, एवढंच. परवा तिने व्हिडिओ पाठवला. वहिनीने लांब दोर हातात धरलाय, घोडी कदम चालीने गोल फिरतेय आणि पोरगी डोक्यावर माझं जुनं हेल्मेट घालून ताठ बसली आहे. मागून ट्रॅक्टर धडधडत गेला. पोरगी दचकली. घोडीने फक्त कान हलवला.