काटा अडतो तेव्हा: वजनघटीच्या स्थिरावस्थेचे विवेचन

नेमाने चालणाऱ्या आणि मोजून जेवणाऱ्या माणसाचे वजन चार-सहा महिने उतरते आणि मग एका आकड्यावर येऊन थांबते. दोन भाकऱ्यांची एक झालेली असते, चहातली साखर गेलेली असते, सकाळचे चालणे चुकलेले नसते, तरी काटा जागचा हलत नाही. अशा वेळी घाईने दोन निष्कर्ष काढले जातात. घरची माणसे म्हणतात, ‘मधूनमधून काहीतरी खात असणार.’ ती व्यक्ती म्हणते, ‘माझे मेटाबॉलिझमच बंद पडले आहे.’ पहिल्या निष्कर्षाने माणूस दुखावतो, दुसऱ्याने प्रयत्न सोडतो. दोन्हींत सत्याचा अंश आहे, पण मूळ प्रक्रिया दोन्हींतून निसटते.

या लेखातले प्रतिपादन असे: वजन थांबणे हा शरीराच्या नियमनाचा अपेक्षित परिणाम आहे. हे नियमन दोन बाजूंनी चालते. शरीर ऊर्जेचा खर्च घटवते आणि भूक वाढवते. यांपैकी भुकेची बाजू कितीतरी बलवान आहे. म्हणून उपायांचा भरही तिच्यावरच हवा.

१. स्थिरावस्था कशाला म्हणावे

काट्यावर दिसते ते चरबी, स्नायू, हाडे, पाणी आणि आतड्यातले अन्न या सर्वांचे एकत्र वजन. यांतले पाणी सर्वांत चंचल असते. यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. म्हणूनच आहार बदलल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो झटकन उतरतात. ती बहुतांशी चरबी नसते. उलट खारट जेवण, बद्धकोष्ठता, पाळीपूर्वीचे दिवस किंवा नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने स्नायूंना आलेली सूज यांमुळे वजन किलोभर सहज वर जाते.

याच्यासमोर चरबी घटण्याचा वेग ठेवून पाहावा. एक किलो शरीरचरबीत साधारण ७,७०० उष्मांक (किलोकॅलरी) असतात. रोज ३०० उष्मांकांची तूट ठेवली, तर आठवड्यात २,१०० उष्मांक, म्हणजे जेमतेम पावकिलोच्या वर चरबी जाते. किलोभर हेलकाव्यात एवढी घट दोन-तीन आठवडे पूर्ण लपू शकते. म्हणून रोजच्या आकड्यावर निर्णय करू नये. सकाळी, शौचानंतर, न्याहारीपूर्वी घेतलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी काढावी आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजावा. चार आठवडे सरासरी आणि घेर दोन्ही स्थिर राहिले, तरच तिला खरी स्थिरावस्था म्हणावे. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

२. खर्चाची बाजू

वजन उतरले की खर्च घटतो. हलक्या देहाला पोसायला आणि हलवायला ऊर्जा कमी लागते. ४५ वर्षांची, १५६ सेंटीमीटर उंचीची आणि ७८ किलो वजनाची स्त्री घ्या. विश्रांतीचा खर्च अजमावण्याचे १९९० सालचे मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र लावले, तर तिचा आकडा सुमारे १,३७० येतो; बैठे काम आणि थोडे चालणे धरून दिवसाचा खर्च सुमारे १,९००. आठ किलो उतरल्यावर याच हिशेबाने तो सुमारे १,८०० होतो.

पण प्रत्यक्षातली घट सूत्रात दिसते त्याहून जास्त असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. विश्रांतीचा खर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. १९९५ मध्ये रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वजन दहा टक्क्यांनी उतरवून तिथे टिकवले, तर एकूण खर्च देहाच्या नव्या घडणीवरून अपेक्षित असतो त्याच्याही खाली जातो. यामागचा एक दुवा म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या या संप्रेरकाचा शोध जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेत १९९४ मध्ये लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि साठा आटत असल्याचा संदेश मेंदूला मिळतो.

तरीही ‘मेटाबॉलिझम बंद पडले’ म्हणणे चूक आहे. कीज यांचे स्वयंसेवक खर्च एवढा उतरूनही बारीक होत गेले. चयापचय मंदावते, जिवंत देहात ते थांबत नाही. सर्व कारणे मिळून उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० उष्मांकांनी घटतो. आपल्या उदाहरणात आठ किलोंमागे ही घट १६० ते २४० होईल. ती स्त्री १,५०० उष्मांक घेत असेल, तर सुरुवातीची ४०० ची तूट सुमारे निम्मी होईल, पण उरेल. मग वजन सावकाश का होईना उतरतच राहायला हवे. ते का थांबते, याचे उत्तर खर्चाच्या बाजूला सापडत नाही.

३. भुकेची बाजू

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. मधुमेहावरच्या एका औषधाने साखर लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे रुग्णाला न जाणवता रोज काही ऊर्जा गळते. वर्षभर अशा रुग्णांच्या वजनाच्या आलेखावरून संशोधकांनी हिशेब मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० उष्मांकांनी वाढते, असे त्यातून निघाले. खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट ही ओढ आहे.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला हे लावून पाहा. आठ किलो उतरल्यावर तिची भूक तिला रोज सुमारे ८०० उष्मांक जास्त खाण्याकडे ओढते आहे. तिने त्यातले ६०० परतवले आणि २०० पुढे नमली, तरी उरलेली सारी तूट संपते आणि वजन थांबते. तीन चतुर्थांश ओढ जिंकलेल्या बाईला आपण ‘मनावर घे जरा’ असे सांगतो, हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि हे नमणे बहुधा जाणवतही नाही. कोशिंबिरीत दाण्याचे कूट चमचाभर वाढते, फोडणीचे तेल अंदाजाने पडते, मुलाच्या ताटातले उरलेले टाकवत नाही. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सुमारे १७०. चतुर्थीला ‘आज उपास आहे’ म्हणून खाल्लेली साबुदाण्याची खिचडी जवळजवळ शुद्ध पिष्ट असते. वर तूप आणि कूट. प्रथिनांचा आधार तिच्यात थोडाच. १९९२ मध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘खात नाही तरी उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांचा खर्च विशेष चिन्हित पाण्याच्या चाचणीने मोजला. त्यांचा चयापचय सामान्य होता. सांगितलेला आहार मात्र खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होता. भुकेचे शास्त्र लक्षात घेता याला खोटेपणा म्हणता येत नाही. वाढलेली भूक घासाघासाने वाट काढते आणि स्मरण तेवढे बारीक नसते.

ही ओढ लवकर शमतही नाही. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांना वर्षाने पुन्हा तपासले. भूक वाढवणारे घ्रेलिन अजून चढे होते आणि लेप्टिन खालीच होते.

४. प्रत्येक उपायाला समतोल बिंदू असतो

‘रोज ५०० उष्मांक कमी, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो, असे कायम’ हा सरळ रेषेचा हिशेब अनेक आहारतक्त्यांमागे असतो. खर्च स्थिर राहतो, हे त्याचे गृहीतक वर पाहिल्याप्रमाणे चुकीचे आहे. वजनाचा खरा आलेख वाकत जातो आणि नव्या समतोलाला सपाट होतो. पद्धत कोणतीही असो, दिवसातून दोनदा जेवण्याची वा कमी पिष्टाची, आलेख सपाट होतोच. सेमाग्लुटाइड या भूक शमवणाऱ्या औषधाच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, पण तिथेही अखेरीस आलेख सपाट झाला. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. औषधाने समतोल बिंदू खाली जातो. समतोल येणे टळत नाही.

५. निदानाचा क्रम

खरी स्थिरावस्था ठरल्यावर आधी औषधे पाहावीत. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, ओलान्झापिन आणि व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकते. पर्यायांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. थकवा, थंडी सोसत नसणे, कोरडी त्वचा अशी लक्षणे असतील तर थायरॉइडची तपासणी, पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची आणि घोरणे व दिवसा झोप येणे असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करावी. थायरॉइडची कमतरता उपचाराखाली असेल, तर तिच्यामुळे राहणारे जादा वजन बहुधा थोडे असते. सारा दोष तिच्यावर टाकू नये.

मग आहार मोजावा. आठवडाभर वजनकाट्यावर तोलून लिहून काढावा, शनिवार-रविवार धरून. तेलासाठी महिन्याचा किराणा पुरेसा आहे: चार माणसांच्या घरात चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिली, म्हणजे सुमारे २७५ उष्मांक निव्वळ तेलातून जातात.

६. उपायांची दिशा

पहिला मोह आणखी कमी खाण्याचा होतो. तो टाळावा. फार कडक आहाराने स्नायू झिजतात, झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि जी भूक आवरायची तीच चेतते. उष्मांक घटवायचेच, तर तेल, साखर, फरसाण यांतून शंभर-दीडशे घटवावेत.

पोट भरल्याची जाणीव टिकवणारे अन्न वाढवावे. आपल्या ताटात भाकरी, पोळी, भात यांचा वाटा मोठा असतो आणि प्रथिने आमटीच्या पातळ वाटीत. मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, पिठले, ताक, अंडी, मासे, सोयाबीन यांनी हे प्रमाण बदलता येते. वजन उतरवताना दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हे बहुतेकांसाठी योग्य लक्ष्य आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून.

झोप हाही आहाराचाच भाग समजावा. शिकागोत २०१० मध्ये झालेल्या एका लहान प्रयोगात तेच उष्मांक घेऊनही साडेआठऐवजी साडेपाच तास झोपेची संधी मिळाल्यावर उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला, आणि भूकही वाढली.

व्यायामात स्नायूंना भार देणारे काही हवे: बैठका, भिंतीला टेकून जोर, वजन उचलणे, आठवड्यातून दोन-तीनदा. याचे कारण अनेकदा चुकीचे सांगितले जाते. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला फक्त सुमारे १३ उष्मांक खर्च करतो, त्यामुळे दोन किलो कमावल्याने चयापचय भडकत नाही. पण उतरणाऱ्या वजनात स्नायू राखले जातात, साखर वापरण्याची क्षमता सुधारते आणि उतारवयातला तोल सांभाळला जातो. चालण्याचे मोल उतरलेले वजन टिकवण्यात सर्वांत जास्त आहे: ते वर्षानुवर्षे टिकवणाऱ्या लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते, आणि त्यांतले बहुतेक दिवसाला तासाभराच्या आसपास हालचाल करतात.

दमलेल्या माणसाने काही आठवडे ठरवून वजन राखण्यापुरते खावे, हाही मार्ग आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे समतोल असा क्रम ठेवणाऱ्या पुरुषांचे वजन सलग तूट ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. पुढच्या सर्व प्रयोगांत असा फरक दिसलेला नाही. तरी मन ताजेतवाने ठेवण्यापुरता हा विराम उपयोगी आहे.

७. थांबलेल्या वजनाचे मोल

शेवटचा प्रश्न असा, की आणखी उतरणे खरोखर गरजेचे आहे का. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीयांचा ‘बारीक पण चरबीयुक्त’ देह जगापुढे आणला. आपल्या बाबतीत काट्याइतकेच महत्त्व पोटावरच्या चरबीला आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्या गटाचे वजन मात्र फारसे घटलेच नव्हते.

म्हणजे काटा स्तब्ध असतानाही चालणे आणि मोजके जेवणे देहाच्या आत काम करतच असते. ज्याचे वजन पाच-सात टक्के उतरून थांबले आहे, ज्याची साखर, रक्तदाब आणि घेर सुधारला आहे, त्याने त्या आकड्यावर वर्षभर टिकून राहणे हे स्वतंत्र यश आहे. शरीर रोज उलट दिशेला ओढत असताना ते मिळवलेले असते. डॉक्टरांनी ते तसे मोजावे आणि घरच्यांनी त्याची बूज राखावी. सर्वांत आधी ज्याचे ते वजन, त्याने स्वतः.