एडॅक बेटावरचे बिऱ्हाड

सैनिकाची बदली झाली की बायकोने बिऱ्हाड उचलायचे आणि नव्या ठाण्यावर लवकरात लवकर रुळायचे, ही अपेक्षा बहुतेक सगळ्या सैन्यांत मुरलेली आहे. रुळली तर ती खंबीर, नाही रुळली तर तिच्यातच काहीतरी कमी. ठाणे जितके लांबचे आणि हवा जितकी वाईट, तितके या खंबीरपणाचे गोडवे जास्त. अलास्काच्या अल्युशियन द्वीपमालेतल्या एडॅक बेटाचा इतिहास पाहिला, की हा हिशेब अपुरा वाटू लागतो. अमेरिकी नौदलातल्या हजारो जोडप्यांनी या बेटावर संसार केले. पण त्यांनी बेटाशी जितके जुळवून घेतले, त्याच्या कितीतरी पट खटपट नौदलाने बेट त्यांच्या संसाराच्या मापाचे करण्यासाठी केली होती. ती खटपट नजरेआड केली तर त्या संसारांचा अर्थच लागत नाही.

एडॅक अँकरेजच्या नैर्ऋत्येला सुमारे 1,900 किलोमीटरवर आहे. अक्षांश जवळपास 52, म्हणजे लंडनच्या आसपासचाच, त्यामुळे ध्रुवप्रदेशातली हाडे गोठवणारी थंडी इथे पडत नाही. छळतात ते वारा, धुके आणि आडवा पाऊस. डोंगरउतारावरून एकाएकी कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतांना तिथे विलीवॉ म्हणतात, आणि त्यांच्यापुढे मूळचे एकही झाड या बेटावर टिकलेले नाही. जून 1942 मध्ये जपानने पश्चिमेकडची अट्टू आणि किस्का ही बेटे घेतली. त्यांच्यावर हल्ले करायला जवळचा तळ हवा म्हणून 30 ऑगस्ट 1942 रोजी अमेरिकी फौज एडॅकवर उतरली. भरतीचे पाणी शिरणारी खाजण बांध घालून कोरडी केली, तिच्यावर पोलादी पट्ट्यांची धावपट्टी अंथरली आणि 14 सप्टेंबरला इथून उडालेल्या विमानांनी किस्कावर बॉम्ब टाकले. जॉन ह्यूस्टनने लष्करासाठी केलेला 1943 चा माहितीपट याच तळावर चित्रित झाला. रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेट 1944 पासून इथल्या सैनिकांचे वृत्तपत्र चालवत होता. या काळातले एडॅक म्हणजे तंबू, चिखल आणि पुरुष. घर चालवायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे रुळण्याचाही नव्हता. दिवस मोजायचे आणि सुटका झाली की निघायचे.

1950 मध्ये तळ हवाईदलाकडून नौदलाकडे आला आणि कामाचे स्वरूप बदलले. आता शत्रू समोर दिसत नव्हता, त्याची चाहूल घ्यायची होती. सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढणारी विमाने, समुद्रातले आवाज टिपणारी यंत्रणा, रेडिओ संदेश पकडणारे अँटेनांचे भलेमोठे वर्तुळ, असा पसारा बेटावर उभा राहिला. लढाई दोन-चार महिन्यांत संपते, पहारा संपत नाही. त्यासाठी लागणारा माणूस वर्षानुवर्षे शिकवून तयार करावा लागतो, आणि असा माणूस पंचविशी-तिशीचा, लग्न झालेला, मुलेबाळे असलेला असतो. 1973 मध्ये अमेरिकेतली सक्तीची भरती बंद झाल्यावर तर त्याला नोकरीत टिकवून धरणे ही नौदलाची गरजच झाली. बायको कंटाळली तर तो नोकरीची मुदत वाढवून घेणार नाही, हे वरिष्ठांना कळत होते. आपल्याकडे सैनिकांच्या घरांत ‘फॅमिली स्टेशन’ मिळाले का, हा बदलीनंतरचा पहिला प्रश्न असतो. एडॅकचे फॅमिली स्टेशन होणे हा निर्णय सुरक्षेइतकाच मनुष्यबळाच्या हिशेबाने झालेला होता.

त्या निर्णयामागोमाग काय काय आले ते पाहण्यासारखे आहे. झाडे तर युद्धकाळातच आली होती: अलास्कातल्या लष्कराचे प्रमुख जनरल बकनर यांच्या हुकमाने, उजाड बेटावर सैनिकांच्या डोळ्यांना थोडी हिरवळ दिसावी म्हणून लावलेली. त्यांतली तीसेक खुरटी सूचिपर्णी झाडे एका घोळक्यात जगली आणि पुढे कुणीतरी तिथे पाटी लावली, की आपण एडॅक राष्ट्रीय अरण्यात शिरत आहात आणि त्यातून बाहेरही पडत आहात. 1958 आणि 1959 मध्ये कॅरिबूची 23 पिल्ले विमानाने आणून सोडली. बेटावरच्या लोकांना शिकारीचा विरंगुळा मिळावा आणि अडीअडचणीला मांसही मिळावे, हा हेतू. मग घरांच्या रांगा, शाळा, चर्च, चित्रपटगृह, पोहण्याचा तलाव, बोलिंगची गल्ली, स्केटिंगचा हॉल, माऊंट मॉफेटच्या उतारावर स्कीइंगची सोय, माळरानात भटकणाऱ्यांसाठी लाकडी खोल्या, आणि ऐंशीच्या दशकात मॅकडोनाल्ड्ससुद्धा. 1990 च्या जनगणनेत वस्ती 4,633 होती. ऐन भरात सैनिक आणि कुटुंबे मिळून ती सहा हजारांपर्यंत गेल्याचे सांगतात. धुक्यामुळे विमान आले नाही की ताजे दूध आणि भाजी थांबत असे, हे खरे. पण मुलाला शाळेत घालायचे, शुक्रवारी सिनेमा पाहायचा, शनिवारी बर्गर खायचा, हा मुख्य भूमीवरच्या मध्यमवर्गीय संसाराचा आठवडा प्रशांत महासागर आणि बेरिंग समुद्राच्या मधोमध जसाच्या तसा आणून ठेवला होता. यातली एकही गोष्ट बेटाने दिलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा, की सोयी कितीही केल्या तरी वारा आणि भूकंप सरकारी हुकमाने थांबत नाहीत. तो बरोबरच आहे. 9 मार्च 1957 रोजी या बेटांजवळ 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला, एडॅकवरचे रस्ते फाटले, पूल पडले. 1986 च्या मे महिन्यात पुन्हा 8 च्या घरातला धक्का बसला. मोटारीचे दार वाऱ्याच्या दिशेला न उघडण्यापासून हिवाळ्यातल्या सात-आठ तासांच्या दिवसात मुलांना घरात रमवण्यापर्यंत कितीतरी गोष्टी प्रत्येक घराला स्वतःच शिकाव्या लागत. हा भार मुख्यतः बायकांवर पडे. नवऱ्याला पहाऱ्याच्या पाळ्या होत्या, सोबती होते, हुद्दा होता. बायकोला नोकरी शोधायची तर तळावरचे दुकान, शाळा किंवा पाळणाघर, तेही जागा असली तर. माहेर हजारो किलोमीटर लांब, आणि शेजारीण जीव लावते न लावते तोच तिच्या नवऱ्याची बदली. नौदलाने घर दिले, शाळा दिली. सवंगडी टिकवून देणे त्याच्या हातात नव्हते. त्या बायकांनी एकमेकींना धरून ठेवण्यासाठी जे केले ते सरकारी कागदांत फारसे सापडत नाही, आणि त्याची किंमत मी कमी करू इच्छित नाही. तरीही हे विसरता येत नाही, की ऊबदार घर, डॉक्टर आणि ठरावीक मुदतीनंतर परतीचे तिकीट हातात असताना केलेले ते जुळवून घेणे होते.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा आहे. एडॅकवर राहिलेली माणसे त्या बेटावर प्रेम करतात. तिथले सॅमन, हॅलिबट, गवताळ उतार आणि धुके फाटल्यावर समुद्रापलीकडे दिसणारा ग्रेट सिटकिन ज्वालामुखी त्यांना आयुष्यभर आठवतो. मग हे सगळे बाहेरून आणलेले होते असे कसे म्हणायचे? प्रेम खरेच होते, यात शंका नाही. पण ज्यांना त्या बेटांवर राहायला कोणतीही सोय लागली नव्हती, त्यांच्याकडे पाहिल्यावर फरक कळतो. उनांगन लोक हजारो वर्षे या द्वीपमालेत राहत होते. एडॅकवरची त्यांची कायमची वस्ती रशियन फरव्यापाराच्या काळात मोडली, तरी शेजारच्या ॲटका बेटावरचे लोक शिकारीसाठी इथे येत राहिले. 1942 मध्ये जपानी आले तेव्हा अमेरिकी नौदलाने ॲटकाचे गाव स्वतःच जाळले, आणि वेगवेगळ्या बेटांवरच्या 881 उनांगनांना आग्नेय अलास्कातल्या ओसाड पडलेल्या मासळीच्या कारखान्यांत आणि छावण्यांत नेऊन ठेवले. त्यांतला दहामागे एक माणूस तिथेच गेला. अट्टूच्या लोकांना जपान्यांनी कैद करून होक्काइडोवर नेले होते. त्यांतले वाचलेले परत आले तेव्हा त्यांना त्यांच्या बेटावर जाऊ दिले नाही. ही सुद्धा जोडपी होती, यांचेही संसार होते. त्यांच्या रुळण्याची सोय करायला कोणी स्केटिंगचा हॉल बांधला नाही. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो 1988 मध्ये, म्हणजे एडॅकवर मॅकडोनाल्ड्स चालू असतानाच्या दिवसांत. एकाच समुद्रात, एकाच सरकारच्या हाताखाली, कोणाचा संसार राष्ट्रहिताचा आणि कोणाचा अडचणीचा, हे असे ठरत होते.

शीतयुद्ध संपले आणि पहाऱ्याची गरज ओसरली. 1995 मध्ये तळ बंद करण्याची शिफारस झाली, 31 मार्च 1997 रोजी कामकाज थांबले. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा नको. पन्नास वर्षांत हजारो कुटुंबे इथे येऊन रुळली असे आपण म्हणतो, पण पगार थांबल्यावर त्यांतली जवळपास कोणीच राहिली नाहीत. अँकरेजशेजारी तशीच मोठी लष्करी ठाणी आहेत. तिथे भोवती शहर वाढले, दुकाने, नात्यागोत्याची माणसे आली. ती ठाणी उद्या हलली तरी शहर उरेल. एडॅकवर 2000 साली 316 माणसे होती, 2020 मध्ये 171. घरांच्या रांगांची दारे-खिडक्या वाऱ्याने उखडली आहेत, आणि युद्धकाळातला न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत असल्याने काही भागांत पाऊल टाकायला बंदी आहे. शिकारी घटल्यावर त्या 23 पिल्लांचा वंश अडीच-तीन हजारांवर गेला. तळाची बरीचशी जमीन आता अल्युत, म्हणजेच उनांगन, लोकांच्या मंडळाच्या मालकीची आहे. 2025 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये एडॅकचा तळ पुन्हा उघडण्याची चर्चा झाली, धावपट्टी आणि बंदर किती उपयोगाचे यावर भर होता. तळ खरोखर उघडला तर पहारेकऱ्यांना तिथे एकटे पाठवायचे की कुटुंबासह, हे ठरवावे लागेल, आणि कुटुंबासह पाठवायचे असेल तर सगळे गाव पुन्हा जहाजातून आणावे लागेल. या वेळी जमिनीच्या मालकांना विचारून.