पाऊस सरल्यावरचा ब्रह्मदेश



ब्रह्मदेशाचे नाव निघाले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, आणि तिथला राजा थिबा आपल्या रत्नागिरीत मेला. दोन्ही खऱ्या, पण दोन्ही मोठ्या माणसांच्या. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते आगबोटीच्या उघड्या डेकवर बसून त्या देशात जात. पाऊस सरला की जात आणि पुढचा पाऊस लागायच्या सुमारास परतत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. डोकी मात्र मोजून ठेवली. त्या मोजदादीप्रमाणे 1927 या एका सालात हिंदुस्थानातून ब्रह्मदेशात चार लाखांहून अधिक माणसे उतरली, आणि तीन लाखांहून अधिक परत गेली.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. गोदीतले हमाल आणि गिरणीतले बदली कामगार यांच्यात माझी तीस वर्षे गेली, आणि पुस्तके वाचली ती युनियनच्या कचेरीत, रात्री. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात मी आधी एकच गोष्ट शोधतो : माणसाला कामावर कोण घेत होता, आणि कोणत्या दाराने.

2018 च्या नोव्हेंबरात मी रंगूनला गेलो होतो. त्या देशाला 1989 पासून म्यानमार म्हणतात आणि शहराला यांगोन. पण जुना इतिहास सांगायचा तर जुनी नावे बरी. तिथला पाऊस आपल्या कोकणाच्या जातीचा. मेच्या मध्याला लागतो आणि ऑक्टोबर उलटेपर्यंत हटत नाही; शंभर इंचांच्या आसपास पडतो. भिक्षू पावसाळाभर विहारात राहतात. त्या वर्षावासाला आपण मराठीतही वर्षावासच म्हणतो. तो बहुधा आपल्या कोजागिरीलाच सुटतो, आणि त्या दिवसांत घरोघर दिवे लागतात. मी पोचलो तेव्हा दिवे होऊन गेले होते. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ, रस्त्याकडेच्या डबक्यांत अजून पाणी, आणि शहराबाहेर पडले की नजर पोचेल तिथवर पिकलेले भात. प्रवासी म्हणून जायला याहून सुरेख दिवस नाहीत. पण हीच शेते पाहून शंभर वर्षांपूर्वी बंदरातले व्यापारी बोटी भरून माणसे आणवीत.

हे भात काही अनादि काळापासून तिथे उभे नव्हते. 1852 च्या लढाईत इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश घेतला तेव्हा इरावतीच्या मुखाजवळचा बराच मुलूख दलदलीचा आणि रानाचा होता. भाताखाली सात-आठ लाख एकर जमीन असेल. 1869 त सुवेझचा कालवा झाला, युरोपचा बाजार जवळ आला, आणि 1930 च्या दशकापर्यंत हाच आकडा ऐंशी लाख एकरांवर गेला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी वर्षाला तीसएक लाख टन तांदूळ त्या देशातून बाहेर जात होता. जगात एवढा तांदूळ दुसरा कोणी विकत नव्हता. रान तोडले ते मुख्यतः ब्रह्मी शेतकऱ्याने, हिवतापाला तोंड देऊन. पण कापणीचे हात, गिरणीचे हात आणि बोट भरण्याचे हात समुद्रापलीकडून आणले गेले.

आणण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. गावात मेस्त्री जाई. घरात अडचण असेल तिथे उचल देई, बोटीचे भाडे भरी, आणि माणूस बांधला जाई. मुंबईच्या गिरणीत जो जॉबर, तोच रंगूनच्या धक्क्यावर मेस्त्री. मालक मजुराला ओळखत नसे. तो मेस्त्रीला ओळखे. मजुरी मेस्त्रीच्या हातून येई, आणि वाटेत तिला गळती लागे. माणसे बहुतेक तेलुगू मुलखातली. विशाखापट्टणम, काकीनाडा, गोपाळपूर इथून बोटीत चढत. ब्रह्मी लोक त्यांना कोरिंगी म्हणत. काकीनाड्याजवळ कोरिंगा नावाचे बंदर होते, ते 1839 च्या वादळात बुडाले. गाव गेले, नाव मात्र परमुलखात मजुराला चिकटून राहिले.

नोव्हेंबरपासून कापणी, जानेवारीपासून पुढे तीन-चार महिने भाताच्या गिरण्या. पुझुनडाँगच्या खाडीवर या गिरण्यांची रांग होती. बॉयलरमध्ये भाताचेच तूस जाळत. दिवसभर धूळ खाऊन मजूर रात्री ज्या चाळींत परतत तिथे एकाच जागेवर पाळीपाळीने झोपत. 1931 च्या खानेसुमारीत रंगूनची वस्ती चार लाख भरली, आणि त्यात निम्म्याहून अधिक हिंदी होते. आपल्याच देशाच्या राजधानीत आपण कमी, हे ब्रह्मी माणसाला खुपत असेल तर त्यात नवल काय?

आता 1930 च्या मेकडे येतो. हा महिना मी तारखांनिशी सांगणार आहे, कारण त्याला जातीय दंगल म्हणून एका ओळीत उडवून लावण्याची चाल आहे.

5 मे रोजी गांधीजींना अटक झाली. त्याच दिवशी पेगूला भूकंप झाला आणि शेकडो माणसे गाडली गेली. अटकेच्या निषेधार्थ रंगूनच्या गोदीतल्या तेलुगू हमालांनी काम बंद ठेवले, आणि त्यातूनच मजुरीवाढीचा संप उभा राहिला. मागणी काही आण्यांची होती. ठेकेदारांनी काय केले? आजवर ज्यांना धक्क्यावर उभे केले नव्हते त्या ब्रह्मी माणसांना बोलावले. शेतीचा हंगाम संपलेला, भाताचा भाव घसरलेला. दोनएक हजार माणसे आली. बोटी भरू लागल्या. मग ठेकेदार संपवाल्यांशी बोलणीही करू लागले, आणि थोडी वाढ देऊन तडजोड झाली. 26 मेच्या सकाळी तेलुगू हमाल कामावर परत आले.

आणि ब्रह्मी हमालही आले. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. त्या वेळी मॉरिस कॉलिस नावाचे इंग्रज गृहस्थ रंगूनचे जिल्हा मॅजिस्ट्रेट होते; त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात ही हकीगत लिहिली आहे. नेहमीप्रमाणे आलेल्या माणसांना दारात कळले की आज काम नाही. पलीकडे उभे असलेले हसले. तिथून हाणामारी सुरू झाली आणि ती शहरभर पसरली. अनेक दिवस माणसे शोधून मारली. मेले ते बहुतेक तेलुगू मजूर. सरकारी हिशेबाने शंभरावर गेले, पण खरा आकडा त्याच्या कितीतरी पट असावा असे पुष्कळांनी लिहिले आहे. हजारो हिंदी माणसांना वेड्यांच्या जुन्या इस्पितळाच्या आवारात आसरा द्यावा लागला.

सुरा ज्याने चालवला तो गुन्हेगार, हे मी नाकारीत नाही. पण दोन हजार माणसांना दोन आठवडे राबवून एका सकाळी न कळवता काढून टाकणारा ठेकेदार, त्याचे नाव दंगलीच्या इतिहासात कुठे येते? मी एका कारखान्याच्या फाटकावर हे बारीक प्रमाणात पाहिले आहे. संप मिटला, आणि ठेकेदारीची पोरे दुसऱ्या दिवशी डबे घेऊन आली. त्यांना आत घेईनात, आणि बाहेरही कोणी सांगेना. आमची कायम कामगारांची युनियन. ती पोरे आमची सभासद नव्हती. त्या दिवशी दगड पडले नाहीत ते पावसाच्या जोरदार सरीमुळे. शहाणपण कोणाच्याच अंगी नव्हते. रंगूनला दंगलीनंतर ब्रह्मी टोळ्यांनाही गोदीत काम द्यायचे ठरले. ते आधी का सुचले नाही, हे मला विचाराल तर मी म्हणेन, दोन रांगा वेगळ्या असल्या की दोन्ही स्वस्त पडतात.

त्या वर्षी पाऊस सरला तेव्हा ब्रह्मी शेतकऱ्याच्या घरी काय होते तेही पाहिले पाहिजे. पीक बरे असून भाव कोसळत होता, आणि डोईपट्टी भरायचीच होती. तिचे दिवस हेच, सुगीचे. डिसेंबरात थरावडी जिल्ह्यातल्या लोकांनी सूट मागितली. हंगामी गव्हर्नर सर जे. ए. माँग जी, स्वतः ब्रह्मी, यांनी ती दिली नाही. आणि 22 डिसेंबर 1930 ला साया सानचे बंड उठले. अंगावर गोंदलेल्या मंत्रांच्या भरवशावर शेतकरी बंदुकांपुढे गेले. साया सानला 28 नोव्हेंबर 1931 रोजी फाशी दिले. मंदीच्या त्या काळात जमीन कशी हातची गेली ते एका आकड्यावरून कळेल : तेरा मुख्य भातपिक्या जिल्ह्यांत मद्रासकडच्या चेट्टियार सावकारांच्या नावे 1930 त सहा टक्के जमीन होती, ती 1937 पर्यंत पंचवीस टक्के झाली. शेतकऱ्याला सावकार हिंदी दिसे आणि हमालही हिंदी दिसे. त्या दोघांत काय साम्य होते? हमाल तर स्वतः मेस्त्रीच्या उचलीत गळ्यापर्यंत बुडालेला.

पुढची कथा लवकर संपते. 23 डिसेंबर 1941 ला रंगूनवर जपानी बाँब पडले. हमाल पळाले, तेव्हा बंदर चालले पाहिजे म्हणून पुष्कळांना वाटेतून परत फिरवले. शहर हातचे जाणार हे दिसताच मात्र जो तो आपला. चार लाखांहून अधिक हिंदी माणसे पायी निघाली, काही आराकानच्या घाटाने, काही टामूवरून मणिपुरात, काही अगदी उत्तरेला हुकाँगच्या खोऱ्यातून लेडोकडे. दरवर्षी पावसाआधी परतणाऱ्यांना या वेळी पावसाने वाटेतच गाठले. मे महिन्यात हुकाँगच्या चिखलात जी माणसे अडकली त्यांतली कितीतरी तिथेच राहिली.

युद्धानंतर काही जण परत गेले. 1962 त लष्करी राजवट आली, 1964 त दुकाने राष्ट्रीय झाली, आणि त्या सुमारास तीनएक लाख हिंदी लोक जवळजवळ रिकाम्या हाताने बोटींतून मद्रासला आणि विशाखापट्टणमला उतरले. विशाखापट्टणमच्या एका वस्तीचे नाव बर्मा कँप आहे. मद्रासच्या बंदराजवळ बर्मा बाजार आहे. तिथे गाड्यांवर अथो नावाच्या ब्रह्मी शेवया विकतात. मी खाल्ल्या आहेत. विकणारा तमिळ बोलत होता, आणि शेवया कालवायची रीत रंगूनच्या गाड्यांवर पाहिली होती तीच होती.