दुबळ्या मुलांचे ऋण

हुबळी-धारवाडकडच्या एखाद्या बालवाडीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत बसलेले मूल आपण पाहिले असेल. या अक्षरांचा मूळ नमुना मात्र हुशार मुलांसाठी घडलेला नव्हता. तो कोणासाठी घडला, हे डॉ. मारिया माँटेसरी यांच्या चरित्रावरून कळते.

माँटेसरीबाई १८९६ साली रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. पुढे विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात साहाय्यक असताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात जावे लागे. तेथे मोठ्या रुग्णांबरोबर बुद्धीने मागे राहिलेली मुलेही ठेवलेली असत. हाताळावयास त्यांच्याजवळ काहीही नसे. या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे, हे बाईंनी ओळखले, आणि १८९८ साली तुरीनच्या शिक्षण परिषदेत तसे स्पष्टपणे सांगितले.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारे विद्यालय निघाले. बाईंनी एका सहकाऱ्यासह सुमारे दोन वर्षे त्याची धुरा वाहिली. दिवसभर मुलांत राहावे, रात्री टिपणे लिहावीत, असा त्यांचा क्रम होता. इतार आणि सेगँ या फ्रेंच पूर्वसूरींचे ग्रंथ त्यांनी स्वहस्ते इटालियन भाषेत उतरवून काढले. लाकडी अक्षरे करून ती मुलांच्या बोटांना चाचपावयास दिली. अखेर त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाली. लोक थक्क झाले. बाई मात्र विचारात पडल्या, की मग निरोगी मुले आमच्या शाळांतून इतकी मागे का राहतात?

या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. १९०४ पासून त्या रोम विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्याख्याने देऊ लागल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. दुबळ्या मुलांसाठी शोधलेली साधने तेथे सर्व मुलांच्या हाती आली.

१९३९ साली बाई मद्रासला आल्या. युद्धामुळे १९४० मध्ये इटालियन म्हणून त्यांच्या मुलाला, मारिओला, अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. इकडे ताराबाई मोडकांनी ही पद्धत आपल्या मातीत रुजविली आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली.

२०१६ च्या कायद्याने अपंग मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण कायदा वर्गाच्या दारापर्यंतच येतो. आत शिक्षक असतो. मीही एके काळी अशा मुलास ‘ढ’ समजून मागच्या बाकावर बसविले आहे. ज्यांच्यामुळे आम्हांला शिकविण्याची रीत कळली, त्यांनाच आम्ही मागे बसवितो. हे ऋण फेडावयाचे, तर त्या मुलास आधी पुढच्या बाकावर आणले पाहिजे.