तुटलेल्या पायऱ्यांचा राजदेर

राजदेरच्या शेवटच्या कड्यात एका जागी कातळात कोरलेल्या पायऱ्या संपतात आणि लोखंडी शिडी लागते. शिडी चढून गेलं की पुन्हा पायऱ्या. किल्ले हिंडणारी मंडळी या शिडीला राजदेरचा अवघड टप्पा म्हणतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि वर निघून जातात. मला मात्र तिथंच थांबावंसं वाटतं. सह्याद्रीत आपण ज्याला अवघड टप्पा म्हणतो, तो पुष्कळ ठिकाणी माणसानं मुद्दाम, हुकमानं केलेला आहे. कुणी केला हेही ठाऊक आहे आणि कधी केला हेही: पेशवाई बुडाली ते १८१८ साल आणि त्यापुढचे काही महिने.

माझ्या वडिलांचं सारं आयुष्य विहिरींवर सुरुंग लावण्यात गेलं. निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या कितीतरी मळ्यांत त्यांनी बार उडवले. लहानपणी मी त्यांच्यासोबत जाई. एक गडी जंपर धरून फिरवत राही, दुसरा घण घाली. हातभर भोक पाडायला दोघांचा अर्धा दिवस जाई. मग दारू भरायची, वरून माती ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण ही नावं मला बाराखडीबरोबरच आली. त्यामुळं डोंगरावर गेलो की माझी नजर आधी दगडाकडं जाते. दगड आपोआप सुटला की फोडला गेला, हे मला कळतं. आपोआप सुटणारा दगड सांध्यावरून सुटतो आणि त्याची बाजू सपाट राहते. सुरुंगानं फुटलेला दगड सांधा पाहत नाही. घट्ट पाषाण मधोमध फुटतो, तडे एका जागेपासून चहूकडं जातात आणि नशीब असेल तर भोकाची अर्धी पन्हळ मागं राहते.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा व्यापार करणारे अण्णा, एसटीतून निवृत्त झालेले आमचे ड्रायव्हरभाऊ, इतिहास शिकवणारे मास्तर आणि मी. भल्या पहाटे चांदवड सोडलं आणि उजाडायला राजदेरवाडीत पोचलो. पाऊस नुकताच सरला होता, गवत कंबरेपर्यंत होतं. गावामागच्या धारेवरून खिंडीकडं चढताना उजवीडावीकडं सातमाळा रांगेचे डोंगर एकेक करून वर येतात. शेजारी इंद्राई, पलीकडं कोळधेर, दूर धोडपची ती भिंतीसारखी उभी धार. ही रांग अजंठ्याच्या डोंगरांना जाऊन मिळते. तिच्या दक्षिणेला गोदावरीचं खोरं, उत्तरेला गिरणेचं. खानदेशातून नाशिककडं येणाऱ्या प्रत्येक फौजेला आणि व्यापाऱ्याला ही रांग एखाद्या बारीतून ओलांडावी लागे, आणि त्या बाऱ्यांवर नजर ठेवायला हे किल्ले. दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीच्या फौजेशी झुंज दिली ती याच रांगेतल्या कांचनबारीच्या परिसरात. मास्तरांनी खिंडीत बसून ती हकिगत सांगितली तेव्हा अण्णा बोटानं एकेक खिंड मोजत होते. कुठली बारी कुठं उतरते, कुठं बैलगाडी जाऊ शकते, हे व्यापाऱ्याच्या डोळ्याला आधी दिसतं.

खिंडीच्या वर कडा सुरू होतो. दख्खनचा हा दगड लाव्हाच्या थरांचा. वरचा थर कठीण असला की डोंगराच्या माथ्याला चहूबाजूंनी उभा कडा राहतो. किल्ला करणाऱ्यांचं अर्धं काम निसर्गानं आधीच केलेलं. उरलेलं काम एकच: त्या कड्यातून वर जायची एक वाट कोरायची, आणि ती अशी कोरायची की आपल्या माणसाला जाता यावं आणि शत्रूला एका वेळी एकट्यानंच यावं लागावं. सह्याद्रीतल्या या वाटा पाहिल्या की मी थक्क होतो. त्र्यंबकजवळच्या हरिहरला जवळजवळ उभ्या कड्यात पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी हात रोवायला खोबण्या. खोबणीत बोटं घातली की माणूस पडत नाही. ही अक्कल कुण्या राजाची नव्हे, ती पाथरवटाची. टाकी आणि घण एवढ्यावर त्यानं पाषाणातून जिना काढला, पाण्याची टाकी खोदली, पावसाचं पाणी पायऱ्यांवरून न येता बाजूनं जावं म्हणून पन्हळ काढली. किल्लेदारांची नावं कागदात सापडतात. या पाथरवटांपैकी कुणाचं नाव कुठं नाही. यादवांच्या काळात कोण होते, निजामशाहीत कोण, आम्हाला कधीच कळणार नाही. पण टाकीचे तिरके घाव राजदेरच्या पायऱ्यांवर अजून मोजता येतात आणि एका ओळीतले घाव एकाच हाताचे आहेत, हे मी सांगू शकतो.

१६३५-३६ मध्ये शहाजहानचा सरदार अलावर्दीखान याने चांदवडच्या आसपासचे हे सगळे किल्ले निजामशाहीकडून घेतले. शेजारच्या इंद्राईवर कोरीव वाटेत फारसी शिलालेख आहे तो त्याच मोहिमेचा. पुढं मराठ्यांचा अंमल आला. १७६८ च्या जूनमध्ये राघोबादादा आणि माधवराव पेशवे, काका आणि पुतण्या, समोरच्या धोडपला लढले. राघोबादादा हरले आणि त्यांना पुण्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं गेलं. एवढ्या उलथापालथी झाल्या, पण पायऱ्यांना कुणी हात लावला नाही. कारण जो किल्ला घेई त्याला तो वापरायचा असे. मोगलांनी घेतला, त्यांनी वापरला. मराठ्यांनी घेतला, त्यांनी वापरला. इंग्रजांना तो वापरायचा नव्हता.

एप्रिल १८१८. दुसरा बाजीराव अजून पळत होता, तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला ३ जूनला. इकडं लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल मद्रासच्या फौजेची एक तुकडी घेऊन चांदवड भागात शिरला. मनमाडजवळचा अणकाई किल्ला ५ एप्रिलला न लढता ताब्यात आला. राजदेरच्या शिबंदीनं मात्र दारं लावून घेतली. एडवर्ड लेक नावाच्या मद्रास इंजिनियर्समधल्या लेफ्टनंटने या मोहिमेतल्या वेढ्यांचा वृत्तांत लिहिला. तो १८२५ मध्ये छापला गेला आणि त्यात राजदेर आहे. तोफा डोंगरावर चढवल्या, खालचा मोर्चा घेतला, आणि मग एका रात्री गडावर आग भडकली. शिबंदी गड सोडून निघाली. वेढा थोड्या दिवसांत संपला. त्यानंतर इंद्राईसह शेजारचे किल्ले न लढता रिकामे झाले. महिनाअखेरीस त्र्यंबक पडला आणि त्याच्या पाठोपाठ हरिहर, भास्करगड धरून सतरा किल्ले आले. या प्रदेशात खरा रक्तपात झाला तो त्यापुढं, मे-जून महिन्यांत मालेगावच्या भुईकोटात. तिथल्या अरब शिपायांनी इंग्रजांना महिनाभर झुंजवलं.

आता किल्ले हाती आले. पण प्रत्येकावर शिबंदी ठेवायची म्हणजे खर्च, आणि सोडून द्यायचे म्हणजे उद्या कुणी बंडखोर त्यात जाऊन बसणार. इंग्रजांनी तिसरा मार्ग काढला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज त्या वर्षी खानदेशचा कारभारी झाला होता. त्यानं या भागातले किल्ले पाहून त्यांची टिपणं केली: चढ कसा, दारं किती, पाणी किती, धान्य किती. आज आपण नाशिकच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये किल्ल्यांची जी वर्णनं वाचतो, त्यांतली पुष्कळशी त्याच टिपणांवर उभी आहेत. आणि मग ठिकठिकाणी वाट तोडण्याचं काम सुरू झालं. तटबंदी पाडत बसायची गरज नव्हती. चाळीस-पन्नास पायऱ्या उडवल्या की माथा कायमचा तुटला.

अलंग आणि मदन हे किल्ले ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे पटेल. मदनच्या कोरीव पायऱ्या चढत जाता आणि अचानक समोर कोरा कडा येतो. तिथं आज दोर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. नाणेघाटावर पहारा देणाऱ्या जीवधनची घाटघरकडची वाट तशीच सुरुंगानं उडवलेली. हरिहर वाचला, का वाचला कोण जाणे, पण वाचला म्हणून त्या पाथरवटाचं काम आज आपल्याला अखंड दिसतं. राजदेरची वाट तुटली आणि तुटल्या जागी पुढं लोखंडी शिडी आली.

त्या शिडीशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ड्रायव्हरभाऊ आधी वर गेले आणि वरून म्हणाले, “मास्तर, पायाकडं नका पाहू, हाताकडं पाहा.” मास्तर सावकाश चढले. मी खाली थांबलो आणि बाजूच्या कातळावरून हात फिरवला. पायऱ्यांची ओळ जिथं तुटते तिथं सांधा नाही. घट्ट काळा पाषाण आहे आणि तो मधोमध गेलेला आहे. वडिलांनी फोडलेल्या विहिरींच्या काठावर मी हेच पाहिलेलं. अण्णा म्हणाले, “एवढी वाट करायला किती वर्षं लागली असतील?” मी म्हणालो, “आणि तोडायला एक दुपार.” त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

वाटेबरोबर माणसंही तुटली, हे आपल्या किल्ल्यांच्या पुस्तकांत फार थोड्या ठिकाणी येतं. गडांची राखण हा कोळी, रामोशी, महार, बेरड अशा कितीतरी घरांचा पिढ्यांचा उदीम होता. त्यासाठी इनाम जमिनी होत्या, धान्य होतं, घेऱ्यातल्या गावांत मान होता. गड ओस पडले तसं ते सगळं गेलं. पुरंदरच्या परिसरातले रामोशी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजी नाइकांच्या मागं उभे राहिले. उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली. अकोले-जुन्नरच्या डोंगरांत रामजी भांगरे १८२९ च्या सुमारास उठले आणि त्यांचे पुत्र राघोजी भांगरे २ मे १८४८ ला ठाण्यात फासावर गेले. त्या उठावांना सावकारी, शेतसारा अशी इतरही कारणं होती. पण गडांवरची चाकरी गेल्याचं दुःख त्यांत मुरलेलं होतं. कोल्हापूरकडं तर १८४४ चं बंड गडकऱ्यांचंच. सामानगड आणि भुदरगड त्यांनी धरले, आणि बंड मोडल्यावर तिथलीही तटबंदी पाडली गेली. तेव्हा तोडलेली पायरी ही नुसती दगडाची गोष्ट राहत नाही. एखाद्या घराचा वर जायचा रस्ता बंद झाला, त्याची ती खूण आहे.

राजदेरच्या माथ्यावर पाण्याचं मोठं टाकं आहे, कोरीव गुहा आहे, वाड्यांची जोती गवतात बुडालेली आहेत. आम्ही गुहेत भाकरी, ठेचा आणि अण्णांच्या वखारीतले कांदे काढले. राजदेरवाडीचे एक आजोबा गुरं पाहत वर आले होते, ते आमच्यात बसले. शिडी नव्हती तेव्हा वर कसं यायचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, “दादा, गुरामागं माणूस कुठंबी जातो.” मग त्यांनी कड्याच्या एका बाजूला हात केला. तिथून पोरं कातळाला चिकटून चढत, असं त्यांनी सांगितलं. सरकारनं वाट मोडली तरी गावानं डोंगर सोडला नव्हता. हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं आणि त्याचा फार आनंद झाला. दुपार कलल्यावर उतरायला लागलो, अंधार पडायच्या आत खिंडीत आलो, आणि रात्रीची जेवणं चांदवडला केली.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. साल्हेर त्यात आहे, रायगड-राजगड आहेत, तमिळनाडूतला जिंजी आहे. राजदेर, इंद्राई, धोडप त्यात नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण या यादीमुळं इतर किल्ल्यांवरही डागडुजीची लाट येईल, कठडे येतील, शिड्या येतील, सिमेंटच्या पायऱ्या येतील, याची मला धास्ती आहे. शिडीला माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसानं गड पाहावा तर शिडी हवीच. मात्र तुटलेल्या जागेवर गिलावा चढवू नका. ती १८१८ ची सही आहे. कोरलेल्या पायरीइतकाच तो फुटलेला दगड जपण्यालायक आहे.

तुम्ही राजदेरला, मदनला, जीवधनला गेलात तर तुटल्या पायरीशी थोडा वेळ थांबा. शेवटची शाबूत पायरी आणि वरची पहिली शाबूत पायरी यांमधलं अंतर टेपानं मोजा, भोकाची पन्हळ दिसली तर तिची खोली आणि व्यास लिहून ठेवा, मापपट्टी शेजारी धरून फोटो काढा. ही माहिती जवळच्या पुरातत्त्व कार्यालयात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात पोचवा. आणि पायथ्याच्या गावात सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, शिडीच्या आधी वर कसं जायचे. ती वाट अजून कुणाच्या तरी पायांना आठवत असेल, तोवरच ती लिहून ठेवता येईल.