द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स

बेसी हेड (१९३७–८६) या लेखिकेचा १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी कथासंग्रह. त्यात बोट्स्वानातील ग्रामजीवनावरील १३ कथा आहेत. दक्षिण आफ्रिकेत गोरी माता व कृष्णवर्णीय पिता यांच्यापोटी, म्हणजे तेथील कायद्याने गुन्हा ठरविलेल्या संबंधातून, जन्मलेली ही लेखिका १९६४ मध्ये परतीचा हक्क गमावून तत्कालीन बेचुआनालँडमध्ये (आजच्या बोट्स्वानात) आली आणि सेरोवे या गावी स्थिरावली. तेथील नागरिकत्व तिला १९७९ मध्ये मिळाले, तेव्हा या कथा एका निर्वासितेच्या लेखणीतून उतरल्या आहेत.

शीर्षककथेतील डिकेलेडी हिला पती गारेसेगो तीन मुलांसह टाकून देतो. १९६६ मध्ये ब्रिटिश अंमल संपून कचेरीतील या कारकुनाचा मुशाहिरा एकाएकी चौपट होतो, परंतु तो पैसा घरी न येता मद्यात व परस्त्रियांवर उधळला जातो. पूर्वजांच्या रूढीने स्त्रीला हीन लेखले, परकीय अमलाने डोईपट्टीच्या रोख रकमेसाठी पुरुषाला घरादारापासून तोडून दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत लोटले, आणि स्वातंत्र्याने त्याच्या हाती पैसा दिला तरी अंतरीची पोकळी भरून काढली नाही, अशी त्याच्या अधःपाताची मीमांसा निवेदिका मध्येच थांबून करते. कथेच्या ओघात हा भाग निबंधवजा वाटतो हे खरे. तथापि तो वगळल्यास गारेसेगो केवळ एक दुष्ट नवरा उरेल, आणि त्याला घडविणारा इतिहास दृष्टीआड होईल.

‘हेवन इज नॉट क्लोज्ड’ या कथेत पारंपरिक रीतीने विवाह केलेल्या श्रद्धाळू स्त्रीला मिशनरी चर्चबाहेर काढतो. ‘लाइफ’ या कथेची शीर्षककथेशी तुलना मात्र अवश्य करावी. जोहान्सबर्गहून परतलेल्या, स्वैर वृत्तीच्या पत्नीचा वध करणाऱ्या लेसेगोला गोरा न्यायाधीश संतापाच्या भरातील कृत्य म्हणून पाच वर्षांची कैद देतो. थोरल्या मुलाच्या शाळेच्या फीसाठी मदत मागताच शय्येचा हक्क सांगत आलेल्या पतीला ठार करणाऱ्या डिकेलेडीला जन्मठेप होते. तुरुंगात तिला याच गुन्ह्यासाठी आलेल्या आणखी चार स्त्रिया भेटतात. विणकाम, शिवणकाम व गवताने छप्पर शाकारणे यांत निष्णात असलेले तिचे हात तेथेही कामाला लागतात, आणि या सोबतिणींचा स्नेह ती आपल्या संचितात जमा करते.