संगणकीय स्मृतिवाटपाचा इतिहास : जबाबदारीच्या हस्तांतरणाचा एक आढावा

प्रस्तावना :
संगणकाची आज्ञावली चालू असताना तिला आकडे, अक्षरे व याद्या ठेवण्यासाठी स्मृतीमध्ये जागा लागते. ही जागा केव्हा द्यावी आणि काम संपल्यावर ती कोणी मोकळी करावी, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. मात्र संगणकभाषांच्या इतिहासात तो मुख्यतः जबाबदारीचा प्रश्न ठरला आहे. प्रस्तुत लेखात या जबाबदारीच्या स्थित्यंतरांचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

स्थिर वाटप आणि स्टॅक :
आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केलेली फोरट्रान भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. तीत प्रत्येक चलाची जागा आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच निश्चित होत असे. ही पद्धत वेगवान होती. परंतु एखाद्या उपआज्ञावलीने स्वतःलाच पुन्हा बोलावल्यास आधीची मूल्ये पुसली जात. अल्गोल ६० या भाषेने ही मर्यादा ओलांडली. उपआज्ञावली सुरू होताच तिला जागा मिळे व संपताच ती परत जाई. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलावे, तशी ही रचना होती. म्हणूनच तिला स्टॅक हे नाव मिळाले.

स्वयंचलित संकलन :
किती काळ लागेल हे आधी सांगता न येणाऱ्या माहितीसाठी स्टॅक अपुरा होता. एमआयटीमधील जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९६० च्या शोधनिबंधात यावर उपाय मांडला. मोकळी जागा संपली की काम थांबवायचे, वापरातील कप्प्यांवर खूण करायची आणि उरलेले कप्पे परत घ्यायचे. यालाच पुढे 'कचरा-संकलन' म्हटले गेले. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भांची मोजणी करण्याचा पर्याय सुचविला. संकलनाची किंमतही लवकरच दिसली. उद्योजकांसमोरील एका प्रात्यक्षिकात हे संकलन मध्येच सुरू झाले आणि टंकयंत्र त्याची लांबलचक आकडेवारी संथपणे छापू लागले. अखेर हशातच प्रात्यक्षिक संपले, असे मॅकार्थी यांनी नमूद केले आहे.

मनुष्याधीन व्यवस्था व तिचे परिणाम :
बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सिद्ध केलेल्या सी भाषेत जागा मागणे व परत करणे हे काम आज्ञावलीकाराकडे आले. युनिक्ससारखी कार्यप्रणाली लिहिताना यंत्रावर थेट नियंत्रण आवश्यक होते. मात्र जागा परत करण्याचे विसरणे किंवा परत केलेली जागा पुन्हा वापरणे, या दोन्ही चुका भाषा रोखत नव्हती. १९९५ मध्ये आलेल्या जावाने संकलनाची जबाबदारी पुन्हा यंत्रणेकडे दिली. तरीही वेगाच्या गरजेमुळे सी व सी++ यांचा वापर टिकून राहिला. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी स्मृतीच्या अयोग्य हाताळणीतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेने तिसरा मार्ग स्वीकारला. प्रत्येक मूल्याचा एकच मालक ठरवून जागा परत करण्याची वेळ आज्ञावलीचे भाषांतर होतानाच निश्चित केली जाते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, स्मृतिवाटपाची किंमत कोणत्याही भाषेला टाळता आलेली नाही. लिस्प व जावा यांनी ती यंत्राच्या वेळातून, सीने माणसाच्या सावधगिरीतून आणि रस्टने नियमांच्या काटेकोरपणातून चुकविली. भाषेची निवड म्हणजे ही किंमत कोणी सोसावी याचाही निर्णय असतो. संगणकशास्त्राच्या अध्यापनात व्याकरणाबरोबर या निर्णयामागील इतिहासही शिकविला जाणे म्हणूनच आवश्यक ठरते.